आत्याच्या मोटारीचा धूर

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर्ग घेत होते. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू आलंच, पण डोळ्यांपुढे उभी राहिली ती ग्रीसने माखलेले हात कमरेवर ठेवून हसणारी आत्या...

तिचे यजमान वारल्यावर लाखनीचं त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज तिनेच चालवलं. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत लाखांदूरकडच्या एका गोठ्यात, धानाच्या तणसाच्या ढिगाखाली, तिला एक जुनी विलायती मोटार सापडली. दोन वर्षं राबून तिने ती चालू केली. कागद कधीच बाद झाले होते, म्हणून नव्याने नोंदणी करायला ती भंडाऱ्याला गेली. मोटार निरीक्षक थेट सायलेन्सरपाशी जाऊन उभे राहिले. निळा लोट निघाला. “धुराचा नियम जुन्या गाडीलाही लागतो, बाई.”

आत्या चिडली नाही, उलट तिला चेव चढला. घरी आल्यावर मला म्हणाली, “बरोबर बोलून राहिला तो. तेल जळून राहिलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या.” त्या गाडीच्या रिंगा नागपुरातही मिळेनात. काहीबाही जुळवून ती पुन्हा गेली, पुन्हा नापास. “आता धूर दिसला तर भंगारात द्या,” निरीक्षक म्हणाले. मग आत्याने जीपच्या रिंगा आणल्या आणि आठवडाभर कानशीने घासून बेतून घेतल्या.

तिसऱ्या खेपेला मी सोबत होते. निरीक्षकांनी स्वतःचा पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरला. आत्याने रेस दिली... इंजिन घुमलं. त्यांनी रुमाल उलगडला. रुमाल पांढराच, पाण्याचे चार थेंब, बस.

“कोणत्या मिस्त्रीकडून केलं?”

“मीच मिस्त्री आहो, साहेब.”

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि सही केली.

परतताना लाखनी आली तरी आत्या थांबेना. “काहून थांबू? गाडी आत्ता कुठं गरम झाली.” थेट साकोलीपर्यंत नेली तिने, दोन्ही बाजूंना धानशेतीच्या बांध्या, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत.

गेल्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेले होते. एक ट्रक तयार झाला होता. मालकाच्या हाती किल्ली देण्याआधी आत्याच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री बोनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून इंजिन ऐकत राहिला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “बाईची सवय. आमालेबी लागली.”