कोकिळाताई आणि केळीतली बोलकी पेटी

शाहपुरच्या कोकिळाताई महाजन अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांत त्यांना जिल्ह्याच्या संशोधन समितीवर घेतलं. शेतात किंवा दवाखान्यात नव्या यंत्राची, औषधाची चाचणी करायची तर या समितीची परवानगी लागे. समितीत एक महिला आणि एक सामान्य नागरिक हवा, असा नियम होता. कोकिळाताईंमुळे एकाच खुर्चीत दोन्ही जागा भरल्या.

सचिव धर्मेंद्र सोळंकी फोनवर म्हणाले, "ताई, कुछ नहीं करना है. चहा प्यायचा, सही करायची, बस."

पहिल्या बैठकीला ताई बसने जिल्ह्याच्या ठिकाणी, बुऱ्हाणपुरात आल्या. डॉ. ललित यांनी केळीच्या बागेत लावायची बोलकी पेटी बनवली होती. जमिनीतली ओल आणि पानांवरचा रोग ओळखून ती शेतकऱ्याला तोंडी सल्ला देई. पाच बागांत चाचणी चालू होती, आता त्यांना दोनशे बागांसाठी परवानगी हवी होती.

डॉक्टर अहवाल वाचू लागले. "शाहपुरचे कडू पाटील पेटीशी रोज सरासरी चाळीस मिनिटं संवाद साधतात. भावना तीव्र."

ताईंचा चहा नाकात गेला. कडूभाऊ त्यांचे शेजारी. घरात हा माणूस दिवसाला चार शब्द बोलत नाही, ही त्याच्या बायकोची, सुलभाची, कायमची तक्रार.

"डॉक्टरसाहेब, तो काय बोलतो ते ऐकवा ना."

डॉक्टरांनी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण लावलं. आधी पेटी बोलली, "कृपया पर्णों का निरीक्षण करें." मग कडूभाऊ कडाडले, "चूप बैस व माय! तू शिकवशील मले?" पुढे साडूचा, साडूच्या मोटरसायकलीचा आणि बांधावरून गेलेल्या प्रत्येकाचा नाव घेऊन उद्धार झाला.

सगळे पोट धरून हसले. ताईही हसल्या, आणि मधेच थांबल्या.

"हे इथं ऐकू येते, त्याले ठाऊक आहे का?"

"संमतीपत्रावर त्यांची सही आहे, ताई."

संमतीपत्र अकरा पानी निघालं, तेही इंग्रजीत. "याच्यात काय लिहिलं आहे?" ताईंनी विचारलं. समितीतल्या कुणीच वाचलं नव्हतं. तेव्हा ताईंनी एकेकाला एकेक पान वाटलं आणि त्याचा अर्थ मोठ्याने सांगायला लावला. सहाव्या पानावर कळलं, की पेटी दिवसभर आवाज टिपते. नवव्या पानावर होतं, चाचणीतून कधीही बाहेर पडता येईल, त्यासाठी ई-मेल पाठवावा.

"कडूभाऊ ई-मेल पाठवीन? अहो, त्याले फोन लावायचा तरी सुलभा लागते!"

"ताई, साडेपाच वाजले," धर्मेंद्रजी काकुळतीला आले.

"मंग उद्या बसू. पण आज मी सही करत नाही."

एवढं ठणकावून त्या निघाल्या खऱ्या, पण परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला तिकिटाचे पैसे दोनदा दिले. साहेबलोकांना नाही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ.

नियमानुसार एकमत हवं होतं आणि कडूभाऊंना सगळं समजावल्याशिवाय ताई सही करायला तयार नव्हत्या, म्हणून पुढची बैठक समितीला शाहपुरच्या पंचायतीत घ्यावी लागली. डॉक्टर रागातच आले. ताईंनी सारं संमतीपत्र गावच्या बोलीत सांगितलं. आपली भांडणं बुऱ्हाणपुरात ऐकली गेली, हे कळताच कडूभाऊ लाल झाले. सुलभा उठली. "आमाले पेटी पाहिजे. तिनं सांगितलं म्हणून पानांवरचा करपा लवकर दिसला. पण तिचे कान बंद करा. अन् ते पर्ण म्हणजे काय, ते सांगा. आमी समजलो, कोणी बाई आहे."

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी वही काढली आणि संध्याकाळपर्यंत ते लिहून घेत राहिले.

चार महिने गेले. पेटीला आवाज टिपणं बंद करायचं बटण आलं. संमतीपत्र एका पानाचं झालं, आणि बाहेर पडायला तोंडी सांगणं पुरेसं ठरलं. दोनशेऐवजी सध्या चाळीस बागांना परवानगी मिळाली. कुठलीही चाचणी आधी गावात समजावून सांगायची, हा समितीचा नियमच झाला आणि समितीत गावातली आणखी दोन माणसं आली. बैठका आता लांबतात. धर्मेंद्रजी डबा घेऊन येतात.

परवा शेजारच्या खंडवा जिल्ह्याच्या समितीने, हे सगळं कसं जमलं ते सांगायला ताईंना बोलावलं. डॉक्टर ललित त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. फवारणीच्या नव्या ड्रोनवरून दोघांचं वाटेत इतकं वाजलं, की खंडव्याचा फाटा मागे पडला तरी दोघांनाही कळलं नाही.