उन्हाची चूल विकणारा

विंझरला आमच्या ओट्यावर एक उन्हाची चूल विकणारा यायचा. चूल म्हणजे काचेच्या झाकणाची पेटी. ती काच तो धोतराच्या सोग्याने सारखी पुसायचा आणि बोलताना माणसाकडे न बघता आभाळाकडे बघायचा. आमच्या गावात एकही चूल खपली नाही तर त्याची नोकरी जाणार होती. तरी हौशी बायका सोडून त्याने पेटी आठवडाभर वापरायला दिली माझ्या सासूबाईंना. त्यांना देवाचा प्रसादही अळणी लागतो.

"उन्हानं कुठं डाळ शिजती व्हय?" त्या म्हणाल्या.

"न्हाई शिजली तर माझ्या डोक्यावर वता, मावशी."

डाळ रोज शिजली. तो पेटी न्यायला आला तेव्हा सासूबाई आळीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "लई भिकार पेटी! कुणी घिऊ नका." पण पेटीवरचा हात काही काढेनात.

"भिकार हाय तर सोडा की, आत्याबाई!" शेजारीण हसली. संध्याकाळपर्यंत तिच्यासकट निम्म्या आळीने चूल मागितली.

जाताना तो मला हळूच म्हणाला, "वैनी, आता म्होरं वेल्ह्याला जायाचं हाय. तिथं अशी खाष्ट बाई कोण हाय?"

मी परक्या माणसाशी बोलत नाही. पण मान खाली घालूनच माझ्या नणंदेचं घर सांगितलं, खुणेसकट.