चामखीळ आणि बेडकावरचा आळ

आमच्या बेटावरच्या अख्ख्या क्वात्र बॉर्न गावात मला थाप मारून फसवील असा माणूस जन्मला नव्हता. माझी बायको शेजारच्या वाक्वा गावची, म्हणून तिला यात धरायचं नाही.

सरकारी दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि डाक्टरची फ्रेंच आपल्या मराठी म्हाताऱ्यांना समजावून सांगायची. शाळेनं मला चौथीत सोडलं, पण थापा ओळखायला चार यत्ता पुष्कळ झाल्या. त्यातून खालच्या जागी चामखिळी आलेला माणूस थाप घरूनच जुळवून आणतो. न्हाणीत शेवाळ धरतं तसे हे किस्से माझ्याकडे साठत गेले.

*

पहिला मान बेडकाचा.

चामखीळ बेडकाच्या मुतानं येते, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उसाच्या मळ्यावरच्या मुकादमाला इथे सरदार म्हणतात. असा एक मिशीवाला सरदार आला आणि म्हणाला, उसात जरा बसलो होतो, नेमका खाली बेडूक निघाला.

मी ते जसंच्या तसं डाक्टरला सांगितलं. डाक्टर साबणानं हात धूत होता. मान वर न करता म्हणाला, "विचार त्याला, बेडकीण लग्नाची होती की बाहेरची?"

मी विचारलं. सरदारानं आधी मिशी चावली. मग हळूच म्हणाला,

"बंदरावरची, पोर्ट लुईची."

*

एका कारकुनानं ऐकलं होतं, की हे दुखणं हापिसातल्या संडासातून लागतं. तेव्हापासून हा गृहस्थ बसायची स्वतःची लाकडी फळी पेपरात गुंडाळून सायकलवरून नेऊ लागला. रस्त्यात भेटला की मी आधी फळीला रामराम करायचो, मग त्याला. एकदा तर फळीला झेंडूची माळ घातली.

तरी चामखिळी आल्याच. त्यानं डाक्टरसमोर फळीच धरली, म्हणे हिच्यात काही शिरलंय का बघा.

डाक्टर म्हणाला, "फळी राहू दे. जिच्याशेजारी निजतोस तिला आण." मग मला समजावून सांगायला लावलं: हा डोळ्याला न दिसणारा जंतू. संग झाला, त्या जागच्या कातडीला कातडी घासली, की एकाचा दुसऱ्याला जातो. म्हणून दोघांनाही तपासायला हवं.

कारकून पुन्हा फिरकला नाही. पुढे त्याची बायको आली, एकटी, पोट पुढे आलेलं. गरोदरपणात चामखिळी वाढतात. हिच्या तर फुलकोबीसारख्या फोफावल्या होत्या. आपल्याला काय झालंय हे तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी मला एकही गंमत सुचली नाही.

*

आता रुक्मिणीकाकी. देवळातल्या स्वयंपाकाची ही मुखत्यार. हिचा अनंता इंग्रजांच्या पलटणीबरोबर मजुरीला मिसर देशात गेला, तेव्हा तरुण सून, सुमन, घरात राहिली. तर काकी रोज रात्री दाराला आडणा घालायची, सुनेला आपल्या चटईवर घ्यायची, आणि तिचा पदर आपल्या पदराला गाठ मारून बांधायची. नारळ खवताना सगळ्या बायकांना ऐकवायची, "माझी सून म्हणजे कुलपातलं सोनं."

मी विचारलं, "काकी, मग किल्ली मिसरात का धाडली?"

तिनं करवंटी फेकून मारली. खूण अजून कपाळावर आहे.

*

अनंता परत आला. काही महिन्यांनी सुमनला खाली चामखिळी आल्या. काकीनं आपला जुना उपाय काढला: घोड्याचा केस आवळून बांधायचा, चामखीळ गळते. साधा घोडा चालेना. पोर्ट लुईच्या शर्यतीत पहिला आलेल्या घोड्याच्या शेपटीचा केस मागवला.

जागा सडली. ताप चढला. तेव्हा कुठे दवाखान्यात आणलं. पडद्याआड सिस्टरनं फडकं सोडलं आणि दुसरं गरम पाणी मागितलं. पाणी घेऊन जाताना वास आला. त्यानंतर घोड्यावरून मी कुणाची थट्टा केलेली नाही.

डाक्टरनं अनंताला बाजूला घेतलं. तो टोपीच्या कडा चुरगाळत पुटपुटला, की हे त्याला तिकडेच झालं होतं. पलटणीच्या इस्पितळात जाळून टाकलं, म्हणून तो समजला की गेलं. डाक्टर म्हणाला, वरची चामखीळ जळली तरी जंतू कातडीत दडून राहतो, महिनोन् महिने वर काही दिसत नाही, आणि तेवढ्यात बायकोला जातो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, हे म्हातारीला नीट सांग.

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून काकीच कडाडली. सगळा दवाखाना ऐकत होता.

"माझा पोरगा परमुलखात राबत होता, तेव्हा हिनं कुठे शेण खाल्लं? अनंता, इथूनच हिला माहेरी सोडून ये, पांपलमूसला. माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही."

अनंता टोपीकडे बघत राहिला. 

पडदा सरला. तापानं लाल झालेली सुमन खाटेची कड धरून उठून बसली होती. सासूकडे बघत म्हणाली,

"आत्याबाई, रोज रात्री गाठ तुम्हीच मारत होतात, सकाळी तुम्हीच सोडत होतात. मग मी शेण खायला गेले तेव्हा तुम्हीही माझ्याबरोबरच होतात की काय?"