थोरल्या बहिणीची ओळ

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तरी दाराकडं बघतोय — कुणी ऐकत तर नाही ना?

लातुरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नाद मात्र जवाबी रेकॉर्डींचा. एकानं गाणं काढायचं, दुसऱ्यानं त्याच चालीवर उत्तर द्यायचं — तसल्या जुन्या, कुणाला माहीत नसलेल्या रेकॉर्डी. नांदेडच्या एका गवयाची माझ्याकडं होती. बायको सोडून गेली म्हणून रडगाणं. त्याला निलंग्याकडच्या दोन बहिणींनी उत्तर दिलं होतं. शोधत त्यांच्या गावी गेलो. धाकटीनं, कमलाक्कानं, घरातली रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून हातात दिली. "ऐका अन् आणून द्या, भाऊ. आमच्याकडं येवढीच हाय." थोरली मागून हसली, "अन् त्याच्यापरीस आमचं बरं हाय का न्हाई, ते बी सांगा."

आठ दिवसांत देतो म्हणालो. वर्ष गेलं. देणार होतो का? — नाही. गाणं अन् त्याचा जवाब, माझी जोडी जमली होती.

मग भूकंप झाला. माझ्या दुकानाच्या भिंतीला चीर पडली, बस्स. त्यांचं गाव आडवं झालं. थोरली ढिगाऱ्याखाली गेली.

महिन्याभरानं कमलाक्का दुकानात आली. बहिणीचा एक फोटोही उरला नव्हता. "तिचा आवाज तेवढा तुमच्याकडं हाय," म्हणाली. मी घाबरलो. कशाला? — इतके दिवस का ठेवली, असं विचारील म्हणून? की हातची जाईल म्हणून? तोंडातून निघून गेलं, "अक्का, कपाट पडलं. फुटली."

कपाट तिच्यापासून चार हातांवर उभं होतं. रेकॉर्ड त्यातच होती. तिनं तिकडं बघितलं असतं तर? — तिनं बघितलं नाही. उलट मलाच विचारलं, "तुमाला कुठं लागलं न्हाई ना?"

त्या दिवसापासून दारात बाईमाणसाचा आवाज आला की मी आधी कपाटाला कुलूप लावायचो. बायको कपाट आवरायला गेली तरी मी ओरडायचो.

पुढं आमच्या गल्लीत क्लासेस झाले. दुकान बंद करून मी वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं दिल्या. एका जूनमध्ये नातीला सोडायला एक म्हातारी आली — कमलाक्का. मी मान खाली घालून भाड्याची पावती लिहायला लागलो. ती मात्र ओळखीचं माणूस भेटलं म्हणून खूश. जाताना पायरीवर टेकली, ते गाणं गुणगुणायला लागली, आणि थोरलीची ओळ यायची तिथं अडकली.

"तिची ओळ ध्यानातच येईना बघा. तुमी ऐकली व्हती. येती का?"

मला अक्षर न् अक्षर येत होतं. आदल्याच आठवड्यात ऐकली होती. पण सांगितली, आणि इतकी वर्षं कशी लक्षात राहिली असं तिनं विचारलं तर? —

"न्हाई, अक्का."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी तरी किती ध्यानात ठिवताल."

दोन वर्षांनी नात खोली सोडायला निघाली, तेव्हा म्हणाली, आज्जी उन्हाळ्यात गेली. निदान नातीच्या हातात तरी रेकॉर्ड द्यायची होती. मी तिची पेटी रिक्षात ठेवली आणि आत आलो.

रेकॉर्ड माझ्याकडं आहे. चांगली वाजते.