ओट्याची उंची

आमच्या मुलुंडच्या घरातलं स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं तेव्हा तीन ठिकाणी चौकशी केली, आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न मलाच आला. "मॅडम, तुम्हाला किचन कसं हवंय?"

मला कसंही चाललं असतं. मी त्यात सकाळचा चहा करते आणि रात्री पाण्याच्या बाटल्या भरते. बाकी सगळं माझा नवरा करतो. पण हे सांगायची सोय नव्हती. तो शेजारीच पेपर उघडून बसलेला असायचा, जणू आत कॅबिनेट बसतात की हत्ती, त्याला काही देणंघेणंच नाही. आणि माणूस घरी आलेला असला की सासूबाई आतल्या खोलीत, दाराकडे कान लावून.

सहा वर्षांपूर्वी त्याची कंपनी बंद पडली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? मी वांद्र्याला विम्याच्या ऑफिसात, सकाळी जाते ती रात्रीच उगवते. सासूबाईंचे गुडघे कधीच गेलेले. तेव्हा त्याने आधी कुकर लावायला सुरुवात केली, मग भाजी, मग चपात्या. वर्षभरात गडी असा तयार झाला की त्याची आमटी आणि माझी आमटी शेजारी ठेवली, तर माझी मीसुद्धा खाणार नाही. माशांचं तर विचारूच नका.

हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. तसं कुणी बसून ठरवलं नव्हतं. एकदा बोरिवलीहून नणंदेचा फोन आला, आज काय केलंय म्हणून. सासूबाई पटकन बोलून गेल्या, "सुनेन तिखलो केल्यान." सुटला एकदाचा शब्द, तो सुटलाच. मग नणंद यायची, बांगड्याचा तिखला बोटं चाटून खायची आणि म्हणायची, "वहिनी, तुझ्या हाताला काय चव आहे गं!" मी मान खाली घालायची. तिला वाटायचं विनय. नवरा तेव्हा हॉलमध्ये टीव्ही बघत असायचा, नखांतली हळद तशीच. बाजारातून मासे आणणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे कुणी हसत नाही. ते साफ करून फोडणीला टाकणाऱ्याला हसतात.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये त्याची कंबर आली. जुना ओटा सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हा सासूबाईंच्या उंचीने बांधून घेतला होता, आणि सासूबाई म्हणजे एवढ्याशा. नवरा वडिलांवर गेलेला, उभा राहिला की दाराच्या चौकटीला टेकेल असा. सहा वर्षं तो त्या बुटक्या ओट्यावर वाकून कांदे चिरत होता. शेवटी सकाळी अंथरुणावरून उठता येईना. डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला आणि स्पष्टच सांगितलं, एक तर ओटा बदला नाहीतर स्वयंपाक सोडा. स्वयंपाक सोडला असता तर त्या माणसाचं काय उरलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पहिले काही महिने तो नुसता खिडकीत बसून असायचा, ते मी पाहिलेलं आहे. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

तर चौकशी. घाटकोपरच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोराने कॉम्प्युटरवर आमच्या स्वयंपाकघराचं चित्र काढून दाखवलं. त्यात एका काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं होती आणि वरून उलटे ग्लास टांगलेले होते. आमच्या घरात वरून टांगलेलं म्हणजे फक्त कांद्यालसणाची टोपली. आकडा ऐकून मी पर्स घट्ट धरली. तेवढ्या पैशांत गावच्या घराचं अख्खं छप्पर नवीन झालं असतं. शिवाय उंचीचं विचारलं तर म्हणाला, "आमचा साइज स्टँडर्ड असतो मॅडम, लेडीजच्या हाइटप्रमाणे." विषय संपला.

दुसरा आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काम करून गेलेला. हा सगळ्यांत स्वस्त, कारण तो जुना ओटा ठेवून खाली नुसत्या ट्रॉल्या सरकवणार होता. नवऱ्याने पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. "हाच बरा. तोडफोड नको, धूळ नको." पण मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्याचं काम बघून आले. सिंकखालचं लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, खणाला दोन हातांनी ओढावं लागतं, आणि एक दार उघडायला गेले तर बिजागरी माझ्या हातात आली. ती तशीच पुन्हा लावून, चहा पिऊन वर आले.

तिसरा भांडुपचा. आधी सुतारकाम करायचा, आता स्वतः कंत्राटं घेतो. बडबड्या माणूस, पण भाव मधला आणि हिशेब समजेल असा. जिथे पाणी लागतं तिथेच महाग प्लाय, बाकी साधा. वरच्या कपाटांपैकी अर्ध्यांना दारंच नकोत, नुसत्या फळ्या. "दारांचेच पैसे असतात मॅडम. आत काय सोनं ठेवणार आहात?" हे मला पटलं. आणि ओटा तोडून नवीन ग्रॅनाइट बसवायचा, हे त्याने आपणहून सांगितलं. मी त्याला होकार देऊन टाकला.

त्या रात्री आमचं वाजलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, दोघंच असलो की तू.

"ओटा राहू दे," तो म्हणाला. "पैसे वाचतील."

"तो पट्टा काढ आधी कंबरेचा, आणि मग बोल पैशाचं."

पट्टा चाचपत तो म्हणाला, "माप कोणाचं देणार?"

"तुझं. आणखी कोणाचं?"

"त्याच्यासमोर? तो भांडुपचा आहे. तिथे आपलं अर्धं गाव राहतं. उद्या सगळीकडे होईल, अमक्याचा झील घरी बसून चपात्या लाटतो."

"लाटतोस ना? मग?"

"तुला नाही कळायचं."

मला कळत होतं, म्हणूनच राग येत होता. शेवटी तो ओटा तोडायला तयार झाला, पण एका अटीवर. माप माझं द्यायचं. आहे त्यापेक्षा जरा तरी वर येईल, म्हणे. म्हणजे माझी साठवलेली पुंजी घालून, ग्रॅनाइट आणून, आम्ही त्याला जन्मभर थोडं कमी वाकायची सोय करणार होतो. माझं डोकं फिरलं, पण त्याने कूस बदलली होती.

तोडफोड झाली. गॅस हॉलमध्ये आला, भांडी पलंगाखाली गेली, डाळीत सिमेंट लागायला लागलं. मग एके दिवशी कंत्राटदार पट्टी घेऊन आला आणि मला मोकळ्या भिंतीसमोर उभं केलं.

"घरात चप्पल घालता ना मॅडम? मग घालून उभ्या राहा. आता हात असे करा, चपाती लाटताना करतो तसे."

मी हवेत लाटणं फिरवलं. तो बघत राहिला.

"अशी लाटता तुम्ही?"

"हो. का?"

"नाही, जरा वेगळंच वाटलं." त्याने माझ्या कोपराच्या खाली भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. हॉलमध्ये नवऱ्याने पेपर धरला होता, पण मघापासून पान उलटलेलं नव्हतं.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. सासूबाई भिंतीला धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या, रेघ बघितली आणि कंत्राटदाराला म्हणाल्या, "रे, तिचा माप कित्याक घेतंस? ती खय रांदता? माप ह्येचा घे. जेवण ह्योच करता."

मला वाटलं आता नवरा उठून बाहेर निघून जाणार. कंत्राटदाराने माझ्याकडे बघितलं, पेपराकडे बघितलं, पट्टी खटकन मिटली.

"या मग काका," तो म्हणाला.

नवरा हलला नाही.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "माज्या झिलाची कंबर गेली, आणि माप घेतत सुनेचा."

तो उठला. भिंतीसमोर येऊन उभा राहिला, कुणाकडेही न बघता. कंत्राटदाराने काही सांगायच्या आत त्याचे हात वर आले आणि लाटणं धरल्यासारखे, एका बाजूने जरा दाब देत, चपाती गोल फिरते तसे फिरायला लागले. नवी रेघ माझ्या रेघेच्या कितीतरी वर आली. खालची पुसायची राहिली ती राहिलीच. पुढे तिच्यावर टाइल्स बसल्या. दिवसभर तो आईशी बोलला नाही. संध्याकाळी मात्र तिच्या भातावर तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं.

काम सांगितलेल्या दिवशी संपलं नाही, ते कुणाचंच संपत नाही. दोन खणांचे दांडे वेगळ्या रंगाचे आले. "कोण बघतंय मॅडम," म्हणून कंत्राटदाराने मला गुंडाळलं. पण खण एका बोटाने उघडतात आणि सिंकखाली कोरडं आहे. नवऱ्याचा पट्टा हळूहळू कपाटाच्या खुंटीवर गेला. माझी मात्र वाट लागली. तो ओटा माझ्या छातीशी येतो, वरच्या फळ्यांपर्यंत हात पोचत नाही. सासूबाईंनी माळ्यावरून जुना लाकडी पाट काढायला लावला. सकाळचा चहा मी त्याच्यावर उभी राहून करते.

मग एका रविवारी नणंद आली, नवीन स्वयंपाकघर बघायला. येताना पेढे आणले. आदल्या दिवशी फोनवर सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की सुनेसाठी किचन नवं केलं. म्हणजे झालं, पुन्हा तेच. मी कपाळाला हात लावला.

नणंदेने खण उघडले, मिटले, फळ्यांवरून हात फिरवला. झकास झालंय म्हणाली. मग ओट्यापाशी उभी राहिली. ती माझ्याच उंचीची.

"वहिनी, हे काय? एवढा उंच?" खाली बघितलं तर पाट. "तू याच्यावर चढून जेवण करतेस?"

मी तोंड उघडलं, पण सासूबाई माझ्या आधी. "मिस्त्रीन माप चुकवल्यान," खुर्चीवरून त्या म्हणाल्या. डोळ्याची पापणी हलली नाही. परक्या माणसासमोर खरं बोलायला ज्या काठी टेकत आल्या होत्या, त्याच या. पण ही मुलगी होती, आणि तिला कळलं की तिच्या सासरी कळणार होतं.

"चुकवलं म्हणजे? आणि तुम्ही ऐकून घेतलंत?" नणंद पेटलीच. "पैसे कापले की नाही त्याचे? असं कसं, तोडून परत करून द्यायला लावायचं त्याला. वहिनी, नंबर दे त्याचा. मी बोलते." तिने पर्समधून फोन काढला.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हॉलमध्ये टीव्हीसमोर होता, नेहमीसारखा. काय बोलायचं ते त्याने बोलायचं, मी या वेळी मान खाली घालणार नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आणि गप्प उभी राहिले.

"नंबर दे ना," नणंद म्हणाली.

टीव्ही बंद झाला. तो येऊन दारात उभा राहिला.

"कोणी काही चुकवलेलं नाही. ओटा माझ्या मापाचा आहे."

"तुझ्या? का?"

"मी करतो ना जेवण."

"आज?"

"रोज. कंपनी बंद झाल्यापासून."

नणंद आधी माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. सासूबाई पदर नीट करत होत्या. तो आधीच नीट होता.

"म्हणजे दादा, तो तिखला..."

"तो पण."

"आणि मी दर वेळी हिचं कौतुक करते! वहिनी, तू ऐकून घ्यायचीस गं?"

"मग काय करू? खाऊन तूच म्हणायचीस," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. किती दिवसांनी मोकळी हसले असेन. डोळ्यांत पाणी आलं ते त्या हसण्याचंच, असं मी नणंदेला सांगितलं.

ती हसली नाही. फोन पर्समध्ये टाकला, पर्स ओट्यावर ठेवली. भावाकडे जरा वेळ बघत राहिली. ती काय म्हणते याची वाट बघत तो उभा होता, दाराच्या चौकटीला एक हात धरून. मला त्याची फार काळजी वाटली.

"तिरफळं किती घालतोस?" तिने विचारलं. "माझा तिखला कडू होतो."

"बिया काढतेस का?"

"नाही. काढायच्या असतात?"

"मग कडूच होणार. थांब." तो आत आला. वरच्या फळीवरून डबा काढला, ओट्यावर चार तिरफळं ठेवली आणि तिला एकेक सोलून दाखवायला लागला. ताठ उभा राहून. बहिणीच्या देखत तो ओट्यापाशी उभा असलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मी चहासाठी पाट पुढे ओढला, तर म्हणाला, "राहू दे, मीच ठेवतो."

सासूबाई खुर्चीवरून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा मुलाच्या पाठीकडे.

"माज्या च्यात साखर कमी घाल रे," त्या त्याला म्हणाल्या.