फोनमधली करुणा

माझ्या दोस्ताच्या, सुधाकरच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीच्या सवयीनं विचारलं, "बोल, आता कोणता फोन आणला?" पलीकडे त्याची मुलगी पल्लवी होती. "काका, मी बोलून राहिली... बाबा गेले." सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सौंसरहून पांढुर्ण्याला बसनं जाताना माझं ते वाक्यच कानात वाजत होतं. महिना होऊन गेला, अजून वाजतं.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ सुधाकरचं मोबाइलचं दुकान. नवा फोन आला की विकण्याआधी तो स्वतः हाताळून पाहायचा. कंपनी काय म्हणते याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. भर उन्हात संत्र्याच्या बगीच्यात पडदा दिसतो का, ओल्या बोटाला दाद देतो का, हे पाहून मग निकाल. "दिसाले नवरदेव, चालाले आजोबा!" शेवटची परीक्षा बोलण्याची. फोनला ऐकून लिहायला लावायचं आणि आपल्या बोलीत म्हणायचं, "काय करून राहिले भाऊ?" भाऊ म्हणजे मी. एकही फोन पास होईना. एकानं तर लिहिलं, "काय करुणा राहिली भाव." सुधाकर पोट धरून हसला. "घरी नोका सांगू भाऊ, दुकानात करुणा येते म्हून!" पुढे कुठलाही नवा फोन आला की त्याचा अहवाल ठरलेला, याच्यातही करुणा आहे.

माझी बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, मुलगा परगावी. ते ओळखून सुधाकर रोज सकाळी तेच वाक्य स्वतःच्या आवाजात मला पाठवायचा. मी ऐकायचो आणि एक अंगठा पाठवून मोकळा व्हायचो. मागच्या भेटीत तर मी वैतागून म्हणालो, "अरे, हिंदीत बोल न फोनशी, लवकर समजते त्याले." तो हसला नाही. "त्याले समजत नाही म्हून आपन आपलं बोलनं सोडाचं काय, भाऊ?" मी चहा संपवून बस पकडली. ती आमची शेवटची भेट.

परवा पल्लवी एक खोकं घेऊन आली. त्यानं माझ्यासाठी बाजूला ठेवलेला फोन. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी: "उन्हात दिसते. बॅटरी चांगली. भाऊसाठी अक्षरं मोठी केली. बोलून पाहाचं बाकी."

ती गेल्यावर मी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. नव्याला ऐकायला लावलं आणि जुन्यातला सुधाकरचा आवाज सुरू केला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, "काय करून राहिले भाऊ?" काना-मात्रेची चूक नाही. करुणा गेली होती. त्याला सांगायला म्हणून मी जुना फोन उचललासुद्धा... आणि खाली ठेवला. मला फार एकटं वाटलं.

ती ओळ मी पुन्हा वाचली. इतके दिवस रोज सकाळी तो हेच विचारत होता आणि मी एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं.

"काही नाही रे," मी म्हणालो, "बसून राहिलो."

नवा फोन अजून ऐकतच होता. तेही त्यानं बरोबर लिहिलं.