फुटलेला कप

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘पंचनामा’ म्हणायचे. गुन्ह्यांच्या बातम्या तो लिहायचा आणि मी पलीकडे जाहिरातींचे हिशेब बघायचो. दुपारी डबा मात्र आम्ही एकत्र खायचो. डबा माझा असायचा, तो नुसता हात धुऊन यायचा.

“लग्न केलं असतंस तर तुझाही डबा आला असता,” मी म्हणायचो.

“आणि बायकोला रोज काय सांगणार? आज कोणाचा गळा कोणी दाबला ते?”

त्याची कामाची रीत ठरलेली होती. खून झालेल्या घरात तो उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा, दोन्ही हात खिशात घालून. कशाला हात लागायला नको. मेलेल्या माणसाच्या खोलीत कधी बसायचा नाही, पाणीही प्यायचा नाही. मग शेजाऱ्यांशी इकडचंतिकडचं बोलायचा : जिन्यातला दिवा कोण लावतं, मांजर कोणाचं. सरळ प्रश्न विचारला की लोक सरळ खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं. तपास म्हणजे धावाधाव, असं मला वाटायचं. तो हसायचा. “अरे, तपास म्हणजे वाट बघणं. बाकावर बसून बसून पँटी झिजतात आमच्या.”

आणखी एक नियम होता. माहिती देणाऱ्याचं नाव मेलं तरी सांगायचं नाही.

पोलीस ठाण्याचे इन्स्पेक्टर त्याचे जुने मित्र. दर रविवारी त्यांच्या घरी बुद्धिबळाचा डाव आणि वहिनींच्या हातचं जेवण. त्याचा वाचायचा एक चष्मा तिथेच खिडकीत ठेवलेला असायचा. ते एकच घर होतं जिथे बेल वाजवल्यावर त्याला “कोण?” असं कोणी विचारत नसे. मला हे माहीत होतं, कारण सोमवारी तो माझ्या डब्याला नावं ठेवायचा. “वहिनींची आमटी खाल्लीस तर ही तू मांजराला घालशील.”

शिवणकाम करणाऱ्या एका एकट्या बाईंचा खून झाला तेव्हा नेहमीप्रमाणे तो उंबऱ्यात उभा होता. यंत्राशेजारी कापडाचा ढीग, टेबल आणि टेबलाखाली कपाचे तुकडे. त्याने बातमीत लिहिलं, ‘झटापटीत टेबलावरचा कप खाली पडून फुटला.’ दुसऱ्या दिवशी पोलिसांचा फोटोग्राफर त्याला कोपऱ्यात गाठून म्हणाला, “कुठे बोलू नकोस बाबा, तो कप माझ्या स्टँडचा पाय लागून फुटला. साहेबांना कळलं तर माझाच फोटो काढतील.” दोघे हसले. एवढ्याशा कपासाठी चूकदुरुस्ती कोण छापतो?

मग पंखे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला पकडलं. खुनाच्या आदल्या दिवशी तो बाईंच्या घरी पंखा बसवायला गेला होता. त्याने गुन्हा कबूल केल्याचं कळलं तसा पंचनामा ठाण्यावर गेला. बाहेरच्या बाकावर त्या माणसाची बायको मांडीवर त्याचा स्वेटर घेऊन बसली होती.

“तुम्हीच पेपरात लिहिता ना? मग हेही लिहा,” ती म्हणाली. “झुरळ दिसलं तर मला हाक मारतो तो माणूस. म्हणे खून केला!”

आत इन्स्पेक्टर खुशीत होते. “ये, बस. शब्द न् शब्द जुळतोय बघ.” त्यांनी कबुलीजबाब वाचायला सुरुवात केली. दरवाजा, कात्री, कापडाचा ढीग. आणि मग : ‘झटापटीत टेबलावरचा कप खाली पडून फुटला.’

पंचनामा म्हणाला, “हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे.”

“म्हणजे?”

“तुमच्या माणसांनी माझी बातमी समोर ठेवून त्याला विचारलंय. असं झालं का, तसं झालं का. तोही थकून हो म्हणत गेला. कप तेव्हा फुटलाच नव्हता.”

“तुकडे मी स्वतः पाहिलेत.”

“ते नंतर झाले.”

“कोण म्हणतं?”

पंचनाम्याने दोन्ही हात खिशात घातले.

“नाव सांग, मी तपासतो,” इन्स्पेक्टर म्हणाले.

“नाव नाही सांगता येणार.”

“मग एका कपावरून माझी केस पाडू नकोस. रविवारी ये, वहिनी वाट बघेल.”

त्या दुपारी त्याने माझ्या डब्यातला घासही घेतला नाही. सगळं सांगितलं आणि विचारलं, “तू काय केलं असतंस?”

“मी हिशेबातला माणूस. चूक सापडली की दुरुस्त करतो.”

“तुझ्या दुरुस्तीने तुला कोणाचं घर बंद होत नाही रे.”

मी डब्याला झाकण लावलं. संध्याकाळी त्याने दुरुस्ती लिहून दिली : बातमीतला कप झटापटीत फुटल्याचा उल्लेख चुकीचा आहे, चूक बातमीदाराची आहे. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बुटांच्या जाहिरातीशेजारी ती छापून आली. पण पंखेवाल्याच्या वकिलाने ती बरोबर हेरली आणि कोर्टात त्या खोलीचे सगळे फोटो मागितले. सगळ्यात पहिल्या फोटोत कप टेबलावर धडधाकट उभा होता, पुढच्या फोटोत टेबलाखाली तुकडे. फोटोग्राफरचं नाव पंचनाम्याला घ्यावं लागलं नाही. फोटोनेच ते घेतलं.

पंखेवाला सुटला. इन्स्पेक्टरांची दूरच्या ठाण्यावर बदली झाली. राहतं घर तेच राहिलं, पण रविवारचं बोलावणं बंद झालं. ठाण्यात नवे साहेब आले, बाकावरचे शिपाई पंचनामा दिसला की एकदम कामात दिसायला लागले. पुढे खरा खुनी सापडला, बाईंचा भाचाच निघाला. ती बातमी आमच्या पंचनाम्याने दुसऱ्या पेपरात वाचली.

काही दिवसांनी एक शिपाई कचेरीत पुडकं ठेवून गेला. आत त्याचा तो वाचायचा चष्मा होता, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात नीट गुंडाळलेला. चिठ्ठी नव्हती. काचा पुसलेल्या होत्या.

“वहिनींचं फडकं आहे. पोळ्यांच्या डब्यात असायचं,” तो म्हणाला.

मी डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“हे परत द्यायला जावं लागेल, नाही का?”

“जा की. रविवारीच जा.”

“धुऊन नेतो,” तो म्हणाला.

त्याने ते धुतलं, इस्त्रीही केली. त्याला आता बरेच रविवार उलटून गेले. आमची टेबलं समोरासमोर आहेत, त्यामुळे त्याने पेन घ्यायला खण उघडला की ते मला दिसतं. वर फडकं आणि फडक्यावर चष्मा. कचेरीत वाचायला तो दुसराच चष्मा वापरतो.